पक्षाघातानंतर घरी आणताना: साहित्य नेण्याआधी हे वाचा

पेशंटला लकव्यानंतर घरी सोडणार म्हटलं की घरचे आमच्या दुकानात सर्वांत आधी भाड्याने बेड मागतात. बेड आम्ही देतोच, पण सोबत कमोड खुर्ची न्या, असा आग्रहही धरतो. डायपरची वेळ टळून माणूस स्वतःहून शौचाला बसू लागला की त्याचा चेहरा बदलतो. हे आम्ही घरोघरी पाहिलंय.

खुर्ची बेडला लागून, चांगल्या अंगाच्या बाजूला ठेवा. ब्रेक लावल्याशिवाय बसवू नका. उठवताना अधू हात धरून कधीही ओढू नका! स्नायू सैल पडलेले असल्याने खांदा निखळू शकतो आणि मग त्या दुखण्यापायी व्यायाम अडतो. कमरेला आधार द्या. काठी चांगल्या हातात. गरम पाण्याची पिशवी अधू बाजूला नको, भाजलेलं त्यांना कळणारही नाही.

शर्ट घालताना आधी अधू हात बाहीत, काढताना आधी चांगला. बटणं लावायला वीस मिनिटं लागली तरी लागू द्या. मायेपोटी घरचे पटकन लावून देतात, पण तोच तर व्यायाम असतो. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सर्वांत वेगाने होते, पुढे वेग मंदावला तरी ती होत राहते. फिजिओथेरपिस्ट तासभर येतात, बाकीचा दिवस तुमचा आणि पेशंटचा.

उजवं अंग गेलं तर बरेचदा बोलणंही अडतं. शब्द सापडत नाहीत, पण समजत पुष्कळ असतं. दोन वस्तू दाखवून "पोळी की भात?" विचारा आणि थांबा. वाक्य तुम्ही पूर्ण करू नका. त्यांच्यादेखत त्यांच्याविषयी पाहुण्यांशी बोलू नका.

पाणी पिताना ठसका लागत असेल तर डॉक्टरांना लगेच सांगा. जेवताना ताठ बसवा, नंतरही अर्धा तास आडवं करू नका.

साधारण तीनपैकी एका पेशंटला नैराश्य येतं. व्यायाम नको, जेवण नको, भिंतीकडे तोंड करून पडून राहायचं. त्याला हट्ट समजून रागावू नका. त्यावर उपचार आहेत, डॉक्टरांशी बोला.

दुकानात येताना दोन मापं आणा: पेशंटच्या गुडघ्यामागून टाचेपर्यंतची उंची आणि बाथरूमच्या दाराची रुंदी. खुर्ची त्यावरूनच ठरवू. बेड महिना भरायच्या आत परत केलात, तर उरलेल्या दिवसांचं भाडं आम्ही परत करतो.