उशाशी ठेवलेली गोगलगाय

सेकंदाला साधारण १ मिलिमीटर. बागेतली गोगलगाय काचेवरून जवळपास याच वेगाने सरकते. वीतभर अंतराला तिला तीन-चार मिनिटं लागतात. महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या उशाशी सोबतीला बरणीत गोगलगाय ठेवली, तर हा वेग त्याला झेपतो. खिडकीत आलेला पक्षी मान वळेपर्यंत उडून जातो. टाकीतला मासा सतत फिरतो आणि त्याच्या मागे फिरून डोळे दमतात. गोगलगायीचं तसं नाही. औषधाच्या गुंगीत मध्येच डोळा लागला, तरी जाग येते तेव्हा ती फार तर बरणीच्या दुसऱ्या कडेला पोचलेली असते. सोबतीला जीव निवडायचा तर त्याचा वेग आजाऱ्याच्या वेगाशी जुळतो का, हे सगळ्यात आधी पाहायला हवं.

अशा सोबतीने बरं वाटतं, याला थोडा पुरावाही आहे. दक्षिण कोरियात ६५ वर्षांवरच्या ९४ जणांवर झालेला एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या साधारण निम्म्यांना पाच-पाच रातकिडे आठ आठवडे सांभाळायला दिले होते. शेवटी त्यांच्यात नैराश्याची लक्षणं इतरांपेक्षा कमी आढळली. फरक लहान होता, पण होता. त्याआधी १९८४ मध्ये संशोधक रॉजर उलरिच यांनी पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी तपासल्या होत्या. ज्यांना खिडकीतून झाडं दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले. गोगलगाय पाहून आजार बरा होतो, असा याचा अर्थ कुणी काढू नये. दुखण्याला चिकटलेलं लक्ष काही वेळ जोर न लावता दुसरीकडे जातं, इतकंच. लांबलेल्या आजारात तेही खूप असतं.

मात्र काही खोल्यांत गोगलगाय आणूच नये. केमोथेरपी चालू आहे, अवयवरोपण झालं आहे, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं आहेत, उघडी जखम किंवा श्वासनलिकेत नळी आहे, तर खोलीत ओली मातीच नको. तिच्यात बुरशीचे बीजाणू असतात आणि निरोगी माणूस सहज पचवतो तो संसर्ग इथे जिवावर बेतू शकतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. दुसरा धोका उंदरांच्या फुप्फुसातल्या कृमीचा. त्याच्या अळ्या गोगलगायीच्या शरीरात वाढतात आणि माणसाच्या पोटात गेल्या तर मेंदूच्या आवरणाला सूज येऊ शकते. म्हणून गोगलगाय हातात घ्यायची नाही, आणि बरणी साफ करणाऱ्याने साबणाने हात धुवायचे. आफ्रिकन महाकाय गोगलगाय तर अजिबात नको. अनेक देशांत ती पाळायला बंदी आहे.

बरणी काचेची किंवा पारदर्शक प्लॅस्टिकची, ५ लिटरची आणि रुंद तोंडाची घ्यावी. दोन-तीन सेंटिमीटरच्या गोगलगायीला ती पुरते. झाकण घट्ट बसायला हवं, कारण सैल झाकण ती खालून उचलून बाहेर पडते. झाकणाला १ ते २ मिलिमीटरची वीस-पंचवीस भोकं पाडावीत. तळाशी ५ सेंटिमीटर कोकोपीट किंवा खत-औषध न घातलेली माती. मूठभर माती दाबल्यावर गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी ठिबकू नये. शोभेचे दगड घालू नयेत: गोगलगाय झाकणापर्यंत चढते, कधी सुटून खाली पडते, आणि दगडावर आपटली तर शंख फुटतो. समुद्रफेसाचा तुकडा किंवा उकळून, वाळवून चुरलेलं अंड्याचं टरफल कायम आत असावं. शंख घडतो तो त्यातल्या कॅल्शियममधून.

बरणी ठेवायची जागा फार महत्त्वाची, आणि नेमकी तीच चुकते. माणूस ज्या कुशीवर जास्त वेळ असतो त्या बाजूला, उशीवरच्या डोळ्यांच्या पातळीत, हातभर अंतरावर ती हवी. बघण्यासाठी मान उचलावी लागली तर दोन दिवसांत बघणं बंद होतं. उताणंच राहावं लागत असेल, तर बरणीजवळ तिरका आरसा लावून बघावं. मागे काळा कागद लावला की शिंगंही स्पष्ट दिसतात. ऊन मात्र एक मिनिटही नको. बंद काचेत उष्णता साठते आणि गोगलगाय शिजून मरते. १० पट मोठं दाखवणारं भिंग वस्तूपासून अडीच सेंटिमीटरवर धरावं लागतं. थरथरत्या हाताला ते जमत नाही. ३ पटीचं, स्टँडवरचं भिंग घ्यावं.

आता बघायचं काय? ‘गोगलगाय आणि पोटात पाय’ ही म्हण माणसाच्या स्वभावावर असली तरी प्राणिशास्त्रालाही धरून आहे. तिच्या वर्गाच्या ‘गॅस्ट्रोपोडा’ या नावाचा अर्थही पोट-पाय असाच. ती काचेवर चढली की हा पाय खालून दिसतो. त्यावर आडव्या गडद पट्ट्या शेपटीकडून डोक्याकडे सरकत जातात. त्या स्नायूंच्या लाटा आहेत. खालचा चिकट रस हलक्या दाबाखाली घट्ट राहतो आणि जोराचा रेटा आला की पातळ होतो. त्यामुळे पायाचा काही भाग काचेला धरून राहतो आणि काही भाग पुढे सरकतो. तीच पावलं, एकाच पायात.

वरच्या दोन लांब शिंगांच्या टोकांवर डोळे असतात. त्यांना उजेड-अंधार आणि धूसर आकार कळतात. खालची आखूड दोन शिंगं चव-वास घेतात. शिंग आत घेताना ते हातमोज्याच्या बोटासारखं उलटं होत आत जातं. तिला ऐकू येत नाही, तेव्हा खोलीतल्या बोलण्याचा त्रास नाही. टेबलाला धक्का मात्र लगेच कळतो. शंखाच्या तोंडाशी, बहुतेक जातींत उजवीकडे, एक भोक उघडतं आणि मिटतं. ते तिचं श्वासरंध्र. मिनिटभर त्याकडेच बघत राहावं. गाजर खाल्लं की विष्ठा केशरी, काकडीच्या सालीची हिरवी; काल काय खाल्लं ते आज कळतं.

ती जागी असते ती बहुतेक रात्री, आणि झोप न येणाऱ्याला याचा खरा उपयोग होतो. टॉर्चवर लाल जिलेटीन कागद लावून मंद उजेडात बघावं. पण अतिथकव्याच्या आजारात बघणं हेसुद्धा कामच असतं. पाच मिनिटांवर थांबावं.

रोजचं काम घरातल्या दुसऱ्या कुणीतरी करायचं: संध्याकाळी दोन-तीन फवारे पाणी, काकडीची पातळ चकती किंवा सॅलडचं पान, आणि कालचं उरलेलं बाहेर. पालक टाळावा, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवतं. बरणीला कुबट वास आला तर पाणी जास्त झालं आहे. गोगलगायीच्या अंगावर पांढरे ठिपके पळताना दिसले तर ते परजीवी कोळीकिडे; सगळी माती बदलावी. शंखाच्या तोंडावर कागदासारखा पडदा आला तर घाबरू नये: हवा कोरडी पडली म्हणून तिने दार लावून घेतलं आहे. पडदा सोलू नये, कोमट पाण्याचा हलका फवारा द्यावा. मेलेली गोगलगाय दुर्गंधीवरून ओळखू येते. ही शक्यता आजारी माणसाला आधीच सांगून ठेवावी. अचानक घडलं तर ते फार लागतं.

एकटी गोगलगायही अंडी घालू शकते, कारण आधीच्या मीलनातलं वीर्य ती महिनोन्‌महिने साठवते. अंडी दिसताच दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवून मग टाकावीत.

माती चालणारच नसेल, तर खिडकीच्या काचेबाहेरचा उड्या मारणारा कोळी पुरतो. आठ डोळ्यांपैकी पुढचे दोन मोठे. तो खरोखर वळून आपल्याकडे बघतो. उडी घेण्याआधी मागे धागा चिकटवतो, चुकलाच तर लोंबकळत परत चढतो. २०२२ साली जर्मनीतल्या कोन्स्टान्त्स विद्यापीठाच्या संशोधकांना यांची पारदर्शक पिल्लं रात्री धाग्याला टांगून झोपलेली दिसली. झोपेत त्यांच्या डोळ्यांमागच्या, दृष्टिपटल असलेल्या नळ्या हलत होत्या, माणसाच्या स्वप्नांच्या झोपेत डोळे हलतात तशा.

बागेतून आणलेली गोगलगाय दोन-तीन आठवड्यांनी परत सोडावी, तीही जिथून उचलली त्याच झुडपाखाली, ओल्या संध्याकाळी. विकत आणलेली मात्र कधीच बाहेर सोडायची नाही.