नवी गाडी चाळीसच्या वर न्यायचीच नाही?

‘पहिले 1000 किलोमीटर चाळीसच्या वर जायचं नाही’ हा सल्ला नवी मोटरसायकल किंवा स्कूटर घेणाऱ्या प्रत्येकाला मिळतो. तो अर्धाच खरा आहे, आणि उरलेला अर्धा इंजिनाला त्रास देतो.

नव्या सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर मुद्दाम बारीक तिरक्या रेघा पाडलेल्या असतात. त्यांत ऑइल टिकतं आणि त्यांच्यावर घासून पिस्टन रिंगा (पिस्टनभोवतीच्या धातूच्या कड्या) नीट बसतात. रिंगांना भिंतीवर दाबतो तो मुख्यतः जळणाऱ्या वायूंचा दाब. थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटर) सतत नाममात्र उघडा ठेवला तर हा दाबच कमी पडतो. रिंगा नीट बसल्या नाहीत की पुढे ऑइल जळतं, ताकदही घटते.

म्हणजे पहिल्या दिवसापासून गाडी पिळायची असं मुळीच नाही. पूर्ण थ्रॉटल टाळाच. पण वेग बदलता ठेवा: मध्यम जोर द्या, मग थ्रॉटल सोडून गाडी आपसूक मंदावू द्या. तासन्‌तास एकाच वेगाने जाणारा सरळ हायवे या काळात नकोच. मोटरसायकल चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये तीसने रेटत नेणं तर फार वाईट. काळजी घेतोय असं वाटतं, पण इंजिन गुदमरत असतं.

जागेवर उभी करून इंजिन चालू ठेवल्यानेही रनिंग-इन, म्हणजे नव्या इंजिनाचे भाग घासून नीट बसणं, होत नाही. पहिली सर्व्हिस मात्र लांबवू नका, कारण सुरुवातीच्या झिजेचे धातूचे कण त्याच ऑइलमध्ये फिरत असतात. वेगाची किंवा आरपीएमची (इंजिनाच्या दर मिनिटाच्या फेऱ्यांची) नेमकी मर्यादा गाडीसोबतच्या पुस्तिकेत असते, तीच पाळा.