एल्डन रिंगचा हात सेकिरोत का चालत नाही

‘सेकिरो म्हणजे लेव्हल नसलेला डार्क सोल्स’ असं सांगून नव्या माणसाला या तलवारबाजीच्या व्हिडिओ गेममध्ये ढकलणं आता थांबायला हवं. एल्डन रिंग दोनदा संपवलेली, त्यातल्या मलेनिया या बॉसला (मोठ्या शत्रूला) एकट्याने पाडलेली पोरं सेकिरो घेतात, गेनिचिरो या बॉसपाशी येऊन अडकतात, आठवडाभर मरतात आणि ‘आपल्याच्याने होत नाही’ म्हणून गेम काढून टाकतात. त्यांच्या हातात काही कमी नसतं. ते सेकिरोत बसून एल्डन रिंग खेळत असतात. आणि तसं खेळायला त्यांना शिकवलेलं असतं, कारण ज्याला विचारावं तो तीनच गोष्टी सांगतो: डॉज कर (वार चुकव), पॅरी कर (वार झटकून परतव), ओपनिंगची (समोरचा उघडा पडण्याची) वाट बघ. एल्डन रिंगमध्ये हे तिन्ही सल्ले सोन्यासारखे आहेत. सेकिरोत त्यांनीच माणूस मरतो.

गोंधळ होण्यामागे कारणं आहेत. दोन्ही गेम डार्क सोल्स बनवणाऱ्या फ्रॉमसॉफ्टवेअर कंपनीचे, दोन्हींमागे दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी. सेकिरो मार्च २०१९चा, एल्डन रिंग फेब्रुवारी २०२२चा, आणि दोघांनीही आपापल्या वर्षी गेम अवॉर्ड्समध्ये गेम ऑफ द इयर घेतला. दोन्हींत विसाव्याला बसलं की मेलेले शत्रू परत उभे राहतात, दोन्हींत मोजक्या घोटांची बाटली कमरेला असते. वरवर पाहणाऱ्याला सख्खी भावंडंच वाटतील.

एल्डन रिंग तुम्हाला माहीत आहे असं धरून चालते, म्हणून बाकीचे फरक भराभर. सेकिरोत बिल्ड (आपल्या पसंतीची शस्त्रं-कौशल्यांची जुळणी) नाही; शेवटपर्यंत एकच कताना तलवार आणि डाव्या कृत्रिम हातातली साधनं. लेव्हल नाही, चार प्रेयर बीड (जपाचे मणी) जमले की जीव वाढतो, मोठा बॉस पाडला की माराची ताकद वाढते, म्हणजे बॉसला टाळून दुसरीकडे ग्राइंड करून (साधे शत्रू पुन्हा पुन्हा मारून ताकद वाढवून) यायची सोय फारशी नाही. मदतीला दुसरा खेळाडू बोलावता येत नाही, स्पिरिट अॅश (मदतीला बोलवायचे आत्मे) नाहीत. मेल्यावर रून्स (एल्डन रिंगचं चलन) जमिनीवर पडून राहतात तसं इथे होत नाही. निम्मे पैसे आणि पुढच्या स्किल पॉइंटसाठी जमलेला निम्मा अनुभव कायमचा जातो, क्वचित अदृश्य कृपेने वाचतो. त्याच जागी एकदा उठून लढता येतं, ते वेगळं. लोक या यादीवर तास तास बोलतात. यातलं काहीही कळलं नाही तरी गेम खेळता येतो. अडतं ते एका पट्टीपाशी.

ती पट्टी म्हणजे पॉश्चर. बॉसची पडद्यावर वर, मधोमध दिसते, तुमची खाली. जपानी आवृत्तीत तिला ‘ताइकान’ म्हणतात, म्हणजे शरीराचा गाभा, ज्याच्या जोरावर माणूस तोल सांभाळतो ते धड. मला हा शब्द पॉश्चरपेक्षा कितीतरी चांगला वाटतो, कारण त्यात गेमचं सगळं गणित आहे. आपल्याकडे कुस्ती पाहिलेल्याला ते लगेच कळेल. पैलवानाला कोणी रक्तबंबाळ करून हरवत नाही. तोल गेला, पाठ मातीला लागली, कुस्ती निकाली. सेकिरोतही समोरच्याची पॉश्चरची पट्टी भरली की त्याचा तोल जातो, लाल ठिपका दिसतो, आणि एका डेथब्लोमध्ये (प्राणघातक वारात) त्याचा एक अख्खा जीव जातो. त्या क्षणी त्याच्या रक्ताची पट्टी अर्धी शिल्लक असली तरी.

इथे एल्डन रिंगवाला म्हणतो, ‘आमच्याकडेही स्टान्स ब्रेक आहे की,’ म्हणजे समोरच्याचा तोल मोडणं. आहे. पण तिथे तो वरची कमाई आहे. बॉस गुडघ्यावर येतो, तुम्ही एक क्रिटिकल (जबर वार) मारता, तो उठतो आणि लढाई पुढे चालू. मुख्य हिशोब रक्ताच्या पट्टीचाच राहतो, आणि ती एकदा उतरली की बहुतेक बॉसची परत चढत नाही. म्हणून तिथे मागे सरकणं शहाणपणाचं: रोल करा (कोलांटी घेऊन चुकवा), लांब जा, स्टॅमिना भरू द्या, एक घोट घ्या, बॉसचा दम संपला की दोन वार घाला. तुमची कमाई कुठे जात नाही. वीस मिनिटं लागली तरी चालतं.

सेकिरोत तुम्ही मागे सरकलात की बॉसची पॉश्चरची पट्टी उतरायला लागते. तुम्ही दूर उभं राहून श्वास घेताय तेव्हा तोही घेतोय. एवढा वेळ मारून भरलेलं सगळं तुमच्या डोळ्यांदेखत रिकामं होतं.

माझ्या धाकट्या भावाने गेनिचिरोपुढे चार संध्याकाळी घालवल्या. मी शेजारी बसून पाहत होते. त्याचं रोलचं अंग इतकं तयार की गेनिचिरोच्या वारांची ती लांबलचक माळसुद्धा तो मागे-बाजूला उड्या मारत चुकवायचा. मग एक वार, परत लांब. लांब गेला की गेनिचिरो धनुष्य काढायचा, बाटली तोंडाला लावली की अंगावर धावून यायचा. शेवटी वैतागून तो म्हणाला, ‘ताई, मी एकही वार खात नाहीये, मग हा मरत का नाहीये?’ प्रश्न अगदी बरोबर होता. वार न खाणं हे एल्डन रिंगमध्ये जिंकणं असतं. इथे नुसतं वार चुकवून समोरच्याचं काहीच बिघडत नाही.

बिघडवायचं तर त्याचा वार तलवारीवर घ्यावा लागतो. नेमक्या क्षणी एल-वन (अडवायचं बटण) दाबलं की डिफ्लेक्ट होतो आणि त्या डिफ्लेक्टने त्याची पट्टी भरते. त्याने मारलं, तुम्ही अडवलं आणि तोल त्याचा गेला. म्हणून डिफ्लेक्ट हा हल्ला आहे. आर-वन (मारायचं बटण) दाबून तुम्ही जेवढं लढता तेवढंच एल-वन दाबून लढता. बॉस सात वार करतो तेव्हा एल्डन रिंगवाल्याला ते सात संकटं दिसतात. सेकिरो कळलेल्याला त्या सात संधी दिसतात.

‘डिफ्लेक्ट म्हणजे पॅरीच ना?’ या वाक्याने जेवढं नुकसान केलंय तेवढं कुठल्याच बॉसने केलं नसेल. पॅरीसाठी एल्डन रिंगमध्ये ढाल झटकावी लागते, त्या झटक्याला आधी वेळ लागतो, तो फसला तर वार पूर्णच्या पूर्ण अंगावर बसतो, आणि मार्गिटसारख्या बॉसवर दोनदा जमल्याशिवाय फळ मिळत नाही. साहजिकच लोक पॅरीला बिचकतात आणि ती जमणाऱ्याला मानतात. सेकिरोत एल-वन थोडं लवकर दाबलं गेलं आणि धरून ठेवलं तर साधा ब्लॉक होतो. तुमची पॉश्चर वाढते, पण नेहमीच्या तलवारीच्या वाराने जीव जात नाही. चुकण्याची किंमत एवढी कमी ठेवली आहे ती तुम्ही दर वाराला प्रयत्न करावा म्हणूनच. शिवाय तुमची स्वतःची पट्टी काठोकाठ भरलेली असली तरी अचूक डिफ्लेक्टने ती फुटत नाही. ब्लॉकने फुटते. मरणाच्या दारातसुद्धा सगळ्यात सुरक्षित बटण तेच आहे. पॅरीला घाबरणारा माणूस डिफ्लेक्टलाही घाबरतो, आणि ज्या गेमने त्याच्यासाठी एवढी गादी अंथरलीय त्यात तो उड्या मारत फिरतो.

एल-वन बडवून मात्र काम होत नाही. भराभर दाबत राहिलं तर अचूक डिफ्लेक्टची वेळ आकसत जाते. दर वाराला एकदा, नीट, ठाम दाबायचं. कानाने ओळखता येतं: ब्लॉकचा आवाज बोथट, डिफ्लेक्टचा खणखणीत, आणि ठिणगी मोठी.

दुसरा सल्ला जो मला सहन होत नाही तो ‘ही रिदम गेम आहे, बीट पाठ कर’. रिदम गेममध्ये ताल आधी ठरलेला असतो, तुम्ही तो पाळता. सेकिरोत ताल तुम्ही बदलू शकता. तुम्ही मारत राहिलात तर बॉस अडवत राहतो, आणि एका क्षणी तुमचाच वार खणकन परतवतो. तो आवाज म्हणजे ‘आता माझी पाळी’. तोपर्यंत मारायचं, तो आवाज आला की हात एल-वनवर न्यायचा, त्याचे वार परतवायचे, परत मारायला लागायचं. ओपनिंगची वाट बघणारा हे कधी शिकत नाही, कारण गप्प उभं राहून त्याने बॉसला मनाला येईल ते करायची मुभा दिलेली असते. सतत अंगावर असलं की गेनिचिरोला धनुष्य काढायला फुरसत मिळत नाही. भावाला मी एवढंच सांगितलं: पाच हातांच्या बाहेर जायचं नाही. त्या संध्याकाळी तो आधीपेक्षा जास्त वेळा मेला, आणि पहिल्यांदाच गेनिचिरोची पट्टी भरलेली त्याने पाहिली.

मग रक्ताच्या पट्टीचं काय, ती बिनकामाची का? अजिबात नाही. ‘जीवाकडे बघूच नको, फक्त पॉश्चर’ असं सांगणारेही अर्धवट शिकवतात. जीव जितका कमी, पॉश्चर तितकी हळू उतरते. ताज्यातवान्या बॉसची पट्टी तुम्ही दोन पावलं मागे गेलात तरी सपासप खाली येते. अर्धमेल्याची तिथेच रेंगाळते. म्हणून लढाईच्या सुरुवातीला थोडं रक्त काढायचं, मग तोल घालवायच्या मागे लागायचं. हाच नियम तुम्हालाही लागू आहे. जीव तळाला गेलेला असताना तुमची पॉश्चर फार हळू उतरते, म्हणजे बाटली नुसती जिवंत राहायला प्यायची नसते, तोल सावरायलाही प्यायची असते.

आणि आता ती सवय जी बोटांत सगळ्यात खोल रुतलेली असते. एल्डन रिंगमध्ये ढाल वर धरली की स्टॅमिना हळू भरतो. त्यामुळे अनुभवी खेळाडू वार संपला रे संपला की गार्ड सोडतो. सेकिरोत स्टॅमिनाच नाही, आणि वार पडत नसताना एल-वन धरून उभं राहिलं तर तुमची पॉश्चर लवकर उतरते. अगदी उलट. तेच बोट, तेच बटण, उलटा परिणाम. ज्याला हे कोणी सांगितलं नाही तो दर दोन चकमकींमध्ये हात मोकळा सोडतो आणि ‘माझी पट्टी खाली का येत नाही’ म्हणत बसतो.

शत्रूच्या काही खास वारांआधी लाल चिन्ह चमकतं, तेव्हाचं थोडक्यात, कारण यावर गरजेपेक्षा जास्त भीती पसरवली आहे. चिन्हाचा अर्थ धोका, पण धोके तीन आणि चिन्ह एकच, म्हणून चिन्ह सोडून शत्रूचं अंग वाचायचं. टोक तुमच्याकडे असेल तर खुपसणं: मिकिरी काउंटर हे कौशल्य शिकून घ्या आणि दिशा न देता किंवा पुढच्या दिशेने डॉज दाबा, पाय त्याच्या शस्त्रावर पडतो. शस्त्र जमिनीलगत फिरत असेल तर उडी, आणि हवेत परत उडी दाबली तर त्याच्या अंगावर लाथ. पकडायला येत असेल तर दूर. मिकिरीसाठी मागे डॉज करणारे मरतात, आणि एल्डन रिंगवाला मागेच करतो.

सरावाला जागा आहे आणि लोक ती वापरत नाहीत याचं मला खरंच वाईट वाटतं. गेममधल्या पडक्या देवळाबाहेर हानबेई नावाचा न मरणारा म्हातारा योद्धा उभा असतो. तो हवं ते शिकवतो, हवा तेवढा वेळ मार खातो. अर्धा तास त्याच्यापुढे फक्त डिफ्लेक्ट करा, आर-वनला हात न लावता. डॉज तर अजिबात नको. बोटांना नवी गोष्ट शिकवायची तर जुनी काही काळ बंद ठेवावी लागते.

डॉज सेकिरोत निरुपयोगी आहे असं मात्र समजू नका. डेमन ऑफ हेट्रेड नावाचा एक बॉस शेवटाकडे भेटतो, वाटल्यास टाळता येतो. भलं मोठं जनावर, आगीचा हात, वार अडवावेत असे थोडे, पळत-चुकवत पायाशी जाऊन रक्त काढायचं. तिथे एल्डन रिंगचा हात पूर्ण चालतो, आणि फक्त सेकिरो शिकलेली माणसं रडकुंडीला येतात. भावाने त्याला तिसऱ्या फेरीत पाडला.

पुढे तो एल्डन रिंगकडे परतला, २०२४च्या शॅडो ऑफ द अर्डट्री या त्याच्या जोडभागासाठी. त्यात डिफ्लेक्टिंग हार्डटीअर म्हणून एक वस्तू आहे. फिजिक या मिश्रणाच्या बाटलीत घातली की काही वेळ अचूक वेळी धरलेला गार्ड वार परतवतो आणि गार्ड काउंटरचा (अडवून लगेच केलेल्या उलट वाराचा) मार वाढतो. पहिल्या रात्री त्याचा फोन आला, मागे तलवारींचा खणखणाट. ‘ताई, माझं बोट रोलवर जातच नाहीये.’