आखातात कुटुंब न्यायचे आहे? शिक्क्यांआधी नावे जुळवा
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

आखातातून गावी आलेल्याची सुट्टी असते तीस दिवसांची, आणि लग्नाचा दाखला घेऊन आमच्याकडे येणे होते विसाव्या दिवशी. मग पहिला प्रश्न ठरलेला: अटेस्टेशनला, म्हणजे कुटुंबाच्या व्हिसासाठी दाखल्यावर सरकारी शिक्के घ्यायला, किती दिवस लागतील? खरे उत्तर असे, की ते दाखल्यावरच्या इंग्रजी नावांवर अवलंबून आहे.

मुंबईच्या मंत्रालयातला (राज्य शासनाचा) किंवा दिल्लीच्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का एवढेच सांगतो, की दाखल्यावरची सही आणि मोहोर खऱ्या अधिकाऱ्याची आहे. दाखल्यातले नाव पासपोर्टशी जुळते का, हे तिथे कोणी पाहत नाही. त्यामुळे चुकीच्या स्पेलिंगचा दाखला सगळे शिक्के घेऊन व्यवस्थित परत येतो. चूक सापडते ती अगदी शेवटी, तिकडे व्हिसाचा अर्ज भरताना. दाखला दुरुस्त केला की तो नवा कागद झाला, जुन्या कागदावरचे शिक्के त्याला लागू होत नाहीत. पैसे आणि दिवस, दोन्ही पुन्हा पहिल्यापासून.

मराठीत नाव बरोबर दिसते म्हणून ही चूक घरात कोणाच्या लक्षात येत नाही. दाखल्यावरचे इंग्रजी नाव बऱ्याचदा कानावर पडेल तसे लिहिलेले असते, पासपोर्टवरचे शाळेच्या दाखल्यावरून आलेले. वासुदेव एकीकडे ‘व्ही’ने, दुसरीकडे ‘डब्ल्यू’ने. दीपक एकीकडे ‘डबल ई’ने, दुसरीकडे ‘आय’ने. पासपोर्टवर सुनील विठ्ठल, मुलाच्या जन्मदाखल्यावर नुसते सुनील. म्हणून पासपोर्ट शेजारी ठेवून एकेक अक्षर बोटाने वाचा. मुलाच्या दाखल्यावर आई-वडिलांची नावेही त्यांच्या पासपोर्टप्रमाणेच हवीत.

लग्नाच्या दाखल्यावर पत्नीचे माहेरचे नाव असणे ही चूक नव्हे. तिच्या पासपोर्टवर जोडीदार म्हणून पतीचे नाव आहे ना, आणि ते त्याच्या पासपोर्टसारखेच आहे ना, एवढे पाहा. माहेरच्या नावाचा पासपोर्ट केवळ लग्न झाले म्हणून बदलावा लागत नाही.

दुरुस्ती जिथे नोंद झाली तिथेच होते, म्हणजे ग्रामपंचायत, नगरपरिषद किंवा महापालिकेत. जन्मनोंदीतली लेखनाची चूक निबंधक १९६९च्या कायद्याने दुरुस्त करू शकतात. अर्जासोबत पासपोर्ट आणि शाळेचा पुरावा जोडा. स्पेलिंगसाठी राजपत्रात नाव छापून आणायची गरज नाही, राजपत्र नाव खरोखर बदलणाऱ्यांसाठी आहे. ‘दोन्ही नावे माझीच’ असे स्टँपपेपरवरचे प्रतिज्ञापत्र आम्ही सुचवत नाही. त्यालाही तेच शिक्के लागतात, आणि तरी ते तिकडे चालेलच असे नाही.

जन्मदाखल्यावर मुलाचे नावच नसेल तर आधी ते घालून घ्या. नोंदणीपासून वर्षभर विनाशुल्क, पुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येते. रुग्णालयाची चिठ्ठी म्हणजे जन्मदाखला नव्हे. आणि कृपया दाखला लॅमिनेट करू नका! शिक्के आणि स्टिकर मूळ कागदाच्या पाठीवर लागतात.

पुढचा मार्ग देशाप्रमाणे बदलतो. ओमान, बहारीन आणि डिसेंबर २०२२ पासून सौदी अरेबियासाठी राज्य शासनानंतर परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल (वकिलातीच्या शिक्क्याऐवजी चालणारे प्रमाणपत्र) पुरते. शेजाऱ्याने पूर्वी सौदी वकिलातीचा शिक्का घेतला असेल, आता त्याचे पैसे कोणी मागितले तर देऊ नका. दुबईसाठी मात्र परराष्ट्र मंत्रालयानंतर अमिरातीच्या वकिलातीचे प्रमाणीकरण आणि तिकडे पोहोचल्यावर तिथल्या परराष्ट्र खात्याचे, असे दोन टप्पे आणखी आहेत. दाखल्याचे अरबी भाषांतरही लागते. तिथे कुटुंबाला बोलावणाऱ्याचा पगार ४,००० दिरहम, किंवा ३,००० आणि राहण्याची सोय, असा असावा लागतो.

नोकरीसाठी प्रथमच निघालेल्यांना एवढेच: दहावी झालेली नसेल तर पासपोर्ट सहसा ईसीआर (परदेशी नोकरीआधी सरकारी तपासणी लागणारा) असतो, आणि आखातात नोकरीला जाण्याआधी ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावरून परवानगी घ्यावी लागते. एजंटचा परवाना तिथेच तपासा. त्याला ३०,००० रुपये आणि जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. ‘व्हिजिट व्हिसावर चला, काम तिथे बघू’ म्हणणाऱ्याबरोबर जाऊ नका, हातात करार नसला की पगार बुडाल्यावर दाद मागायला कागदच उरत नाही.

आम्ही पहिल्या दिवशी मूळ कागद ठेवून घेत नाही, यावर काही जण नाराज होतात. दुसरीकडे लगेच घेतात, हे खरे आहे. पण नावे न जुळवता पाठवलेला कागद परत आला तर सुट्टी तुमची संपते, म्हणून आधी तपासणी, मगच पावती. तपासणीचे पैसे आम्ही घेत नाही, मग पुढचे काम कुठेही करा.

शक्यतो सुट्टीवर यायच्या आधीच, घरच्या कोणाच्या हाती पती, पत्नी आणि मुलांच्या पासपोर्टच्या पहिल्या-शेवटच्या पानांच्या झेरॉक्स, आणि लग्नाच्या व जन्माच्या दाखल्यांच्या झेरॉक्स पाठवा. गावच्या कार्यालयातली दुरुस्ती तुम्ही विमानात बसायच्या आत सुरू करता येईल.