खर्ज ऐकू यावा म्हणून: बेस गिटारची पार्श्वभूमी

बडोद्यात बेस गिटार, म्हणजे खालचे स्वर वाजवणारी, बहुधा चार तारांची गिटार, सर्वांत जास्त वेळ सलग वाजते ती नवरात्रात. नऊ रात्री, उघड्या मैदानात, ढोलाच्या शेजारी. त्याआधी गणेशोत्सवात मंडळांचे ऑर्केस्ट्रा असतात, आणि वर्षभर नगरगृहात भावगीतांचे, अभंगांचे कार्यक्रम चालू राहतात. दांडिया बाजार, रावपुऱ्याकडच्या मराठी घरांतली बरीच मुलं अशाच कार्यक्रमांतून हे वाद्य हाती घेतात. पहिला प्रश्न ठरलेला: कुठली बेस घेऊ? कंपनी आणि मॉडेल सांगून हा प्रश्न सुटत नाही. आज दुकानात दिसणारी प्रत्येक गोष्ट, मग ती तारांची चौतीस इंची लांबी असो, पाचवी तार असो किंवा नऊ व्होल्टची बॅटरी, कुठल्या तरी जुन्या अडचणीवरचा उपाय आहे. ती अडचण आपल्याला आहे की नाही, हे आधी कळायला हवं.

आपल्या संगीतात खर्जाला मान मोठा, पण साथीला खालच्या सप्तकात फिरणारं वेगळं वाद्य नव्हतं. तंबोऱ्याची खर्जाची तार आणि डग्ग्याचा घुमारा यांवर काम भागत असे. सयाजीराव गायकवाडांनी 1886 मध्ये मौलाबक्षांच्या हाताखाली गायनशाळा सुरू केली. तिचा वारसा आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या परफॉर्मिंग आर्ट्स विभागाकडे आहे. त्या परंपरेतही खालची बाजू तंबोरा आणि तालवाद्यंच सांभाळत. स्वरांची खालची ओळ आपल्या कानांवर रुजवली ती मुंबईच्या सिनेसंगीतानं. तिथल्या स्टुडिओत गोव्याचे वादक आधी डबल बेस वाजवत, मग साठ-सत्तरच्या दशकांत बेस गिटार आली. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदातले टोनी वाझ किंवा पुढे सिंथेसायझरसाठी गाजलेले चरणजित सिंग यांची बेस ऐकून गावोगावचे ऑर्केस्ट्रा शिकले. समोर लिहिलेलं काही नसे, रेकॉर्ड लावायची आणि कानानं उचलायचं.

मूळ अडचण मात्र अमेरिकेतली. डबल बेस माणसाएवढा उंच, वाहून न्यायला त्रासाचा, आणि ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं वाजू लागली की ऐकूच येत नसे. सिअ‍ॅटलच्या पॉल टटमार्क यांनी 1936 च्या सुमारास ऑडिओव्हॉक्स 736 नावाची आडवी धरायची, फ्रेट (बोट दाबायच्या धातूच्या पट्ट्या) असलेली विजेवरची बेस बनवली, पण ती फारशी खपली नाही. बाजी मारली लिओ फेंडर यांच्या 1951 च्या प्रिसिजन बेसनं. तिच्या नेकवर (लांब दांडीवर) फ्रेट होते, त्यामुळे स्वर जागेवर लागे आणि गिटार वाजवणाऱ्यालाही ती लगेच जमे. लायोनेल हॅम्प्टन यांच्या बँडात मंक माँटगोमेरी ती घेऊन उभे राहिले, तेव्हा जाझवाल्यांनी तिची दखल घेतली.

फेंडरनी नट ते ब्रिज (तारेची दोन टोकांची टेकणं) अंतर 34 इंच, म्हणजे 864 मिलिमीटर ठेवलं. हा आकडा आजही बदललेला नाही. खालची ई तार 41.2 हर्ट्झवर कंप पावते. इतका खालचा स्वर स्पष्ट यायचा तर तार जाड हवी, लांब हवी आणि पुरेशी ताणलेलीही हवी. लांबी कमी केली की ताण उतरतो, तार सैल पडते आणि जोरात छेडल्यावर स्वर क्षणभर वर सरकतो. जर्मनीच्या हॉफनरनं 1956 मध्ये 30 इंचांची 500/1 काढली. बीटल्सचे पॉल मॅकार्टनी यांनी 1961 मध्ये हॅम्बुर्गला घेतली ती हीच. हलकी, गोलसर आवाजाची आणि लहान हातांना सोयीची. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला आजही 30 इंची बेस द्यायला हरकत नाही, फक्त तारांचा संच तिच्याच मापाचा हवा. लांब मापाची जाड तार आखूड बेसवर खुंटीत गुंडाळली की जाड भाग खुंटीवर येऊन वळतो आणि तुटतो.

पाचव्या तारेची गोष्ट आपल्याकडे जास्त लागू पडते. अँथनी जॅक्सन यांनी 1975 मध्ये कार्ल टॉम्पसन यांच्याकडून सहा तारांची बेस बनवून घेतली, तिची सर्वांत खालची तार बी होती, 30.9 हर्ट्झ. पुढे वरची सी तार वगळून पाच तारांच्या बेस सर्वत्र झाल्या, कारण कीबोर्डचा खालचा आवाज बेसच्याही खाली जाऊ लागला होता. बडोद्याच्या स्टेजवर कारण वेगळं आहे. पेटीच्या पट्ट्यांनी सांगायचं तर पुरुष गायकाचा सा बहुधा काळी एक (सी शार्प) किंवा काळी दोन (डी शार्प) असतो. चार तारांच्या बेसवर खालची तार ई, म्हणजे पांढरी तीन. तिच्या खाली काळी दोनही नाही, काळी एकही नाही. मग सा घ्यावा लागतो ए तारेच्या चौथ्या किंवा सहाव्या फ्रेटवर, 69 किंवा 78 हर्ट्झला. तो डग्ग्याच्या आणि ढोलाच्या अगदी अंगावर येतो. पाच तारांच्या बेसवर तोच सा दुसऱ्या किंवा चौथ्या फ्रेटवर खाली मिळतो. बाईंचा सा काळी चार किंवा काळी पाच असेल तर तो ई तारेवर चौथ्या-सहाव्या फ्रेटवर आरामात बसतो आणि पाचवी तार लागतच नाही. म्हणजे चार की पाच, हे ठरवताना आपण कोणाच्या साथीला बसणार ते आधी पाहावं. स्वस्त पाच तारांच्या बेसमध्ये बी तार हमखास ढिली, पिठूळ वाजते. दुकानात तीच आधी तपासावी: पाचव्या फ्रेटवर दाबून छेडली की ई तारेइतका स्पष्ट स्वर यायला हवा. बीची जाडी .130 इंच नेहमीची. .125 असेल तर बदलून पाहता येते.

पिकअपचा, म्हणजे तारांचा कंप विजेत बदलणाऱ्या भागाचा, इतिहास आपल्या विजेशी जोडलेला आहे. पहिल्या प्रिसिजनमध्ये एकच साधी कॉइल (तांब्याच्या तारेचं वेटोळं) होती, ती घरघर उचलत असे. 1957 मध्ये कॉइल दोन भागांत तोडून उलटसुलट जोडली आणि घरघर आपोआप कटली. 1960 च्या जाझ बेसला दोन सिंगल कॉइल पिकअप आले. नव्या जाझ बेसमध्ये ते बहुधा एकमेकांच्या उलट असतात, म्हणून दोन्ही पूर्ण उघडे असताना शांत राहतात. एकाचा व्हॉल्यूम कमी केला की घरघर परतते. अमेरिकेत ती 60 हर्ट्झवर असते, आपल्याकडे 50 वर, आणि तिचा दुप्पट 100. ई तारेचा तिसरा फ्रेट 49 हर्ट्झ आहे आणि मोकळी जी तार 98. गाणं पांढरी पाचमध्ये असेल तर घरघर सुराच्या शेजारीच बसते आणि सूर लागलेला असूनही बेस बेसूर भासते. मंडपात जनरेटर, रोषणाईच्या माळा आणि डिमर एकाच लाइनवर असतात. तिथे स्प्लिट कॉइलची प्रिसिजन निर्धास्त चालते. घरघर बेसच्या तारांना हात लावल्यावर कमी होत असेल तर बेसचं शील्डिंग (बाहेरची घरघर अडवणारं आतलं अस्तर) कमी आहे. हात लावूनही तशीच राहिली तर अर्थिंगचा दोष असू शकतो, डीआय बॉक्सवरचं (बेसचा सिग्नल मिक्सरला देणारी पेटी) ग्राउंड लिफ्टचं बटण दाबून पाहावं. अर्थची पिन मात्र कधीही काढू नये, तारेला हात आणि मायक्रोफोनला ओठ लागला की जिवावर बेतू शकतं.

म्युझिकमॅन स्टिंगरे 1976 मध्ये आली आणि अ‍ॅक्टिव्ह सर्किट सर्वांच्या आवाक्यात आलं. नऊ व्होल्टची बॅटरी, खालचा-वरचा आवाज कमीजास्त करायची बटणं वाद्यावरच, आणि लांब वायरमध्ये वरचे स्वर बुजत नाहीत. तोटा एकच, बॅटरी उतरली की आवाज आधी चिरका होतो, मग नाहीसा होतो. वायर जॅकमध्ये राहिली तर सर्किट चालूच राहतं. मध्यंतरात ती काढून ठेवणं एवढंच करायचं असतं.

तारांनी आवाजात जेवढा फरक केला तेवढा लाकडानं केला नसेल. सुरुवातीला सगळ्या फ्लॅटवाउंड, म्हणजे चपट्या पट्टीनं गुंडाळलेल्या. द हू बँडचे जॉन एन्टविसल यांच्या आग्रहावरून तारांची कंपनी रोटोसाउंडनं 1966 मध्ये गोल तारेचे राउंडवाउंड संच काढले आणि बेस पियानोसारखी खणखणू लागली. आपल्या ऑक्टोबरच्या घामात राउंडवाउंड लवकर मरतात, वेटोळ्यांत घाम आणि मळ बसतो. वाजवून झाल्यावर सुक्या कापडानं तार खालूनही पुसली तर जास्त टिकते. अभंग, भावगीत, जुनी सिनेगीतं वाजवणाऱ्यानं एकदा फ्लॅटवाउंड लावून पाहाव्यात. बोटाचा घासण्याचा आवाज जातो, गायकाच्या शब्दांना जागा मिळते आणि संच वर्षानुवर्षं चालतो.

अ‍ॅम्पचं गणित साधं आहे: खालचा स्वर तेवढाच मोठा ऐकू यायला कितीतरी जास्त शक्ती लागते. गिटारला 30 वॅट पुरतात तिथे बेसला 300 मागावे लागतात. अँपेगनं 1969 मध्ये 300 वॅटचा एसव्हीटी काढला तो मोठ्या मैदानांसाठीच. आठ दहा-इंची स्पीकरांचं ते कपाट एकट्यानं उचलायचं नाव नको. आताचे क्लास डी हेड (स्पीकर नसलेला हलका अ‍ॅम्प) तीन किलोच्या आत तेवढीच शक्ती देतात. 8 ओहमची दोन कॅबिनेट (स्पीकरची खोकी) जोडली की 4 ओहम होतात. हेडवर कमीत कमी 4 लिहिलं असेल तर तिसरं जोडू नये. गिटारच्या अ‍ॅम्पमधून बेस वाजवली तर स्पीकरचा कागद मर्यादेबाहेर हलतो आणि फाटतो.

नवलखीसारख्या मैदानात तर स्वतःच्या अ‍ॅम्पचा उपयोग फक्त स्टेजपुरता. लोकांपर्यंत जातो तो डीआयमधून निघालेला आवाज. इथे दोन गोष्टी बिघडतात. पहिली: 41 हर्ट्झची लहर 8.4 मीटर लांब असते. सबवूफर (फक्त खालच्या स्वरांचे स्पीकर) स्टेजच्या दोन टोकांना ठेवले की मधल्या पट्ट्यात आवाज दुप्पट आणि बाजूला काही पट्ट्यांत जवळजवळ शून्य होतो. गोल फिरणाऱ्यांना एका वळणावर बेस छातीत बसते, दुसऱ्यावर गायब होते. सब एकत्र, एकाच जागी रचायला साउंडवाल्याला आधीच सांगावं. दुसरी: आवाज सेकंदाला 343 मीटर जातो. 17 मीटरवरच्या स्पीकरचा आवाज 50 मिलिसेकंद उशिरा पोचतो. द्रुत हिंचमध्ये (गरब्याचा सहा मात्रांचा ताल) मिनिटाला 120 ठोके धरले, ठोक्याला तीन मात्रा, तर मात्रा 167 मिलिसेकंदांची. मुख्य स्पीकर ऐकून वाजवणारा तिसरा हिस्सा मात्रा मागे पडतो आणि सगळे त्याला लय ओढतो म्हणतात. मॉनिटरमध्ये ढोल आणि स्वतःची बेस, एवढंच मागावं.

हे सगळं सामान ज्याच्या हाती जातं, तो वादक चांगला कशानं होतो? अमेरिकेतल्या मोटाउन रेकॉर्ड कंपनीचे जेम्स जेमरसन 1962 ची प्रिसिजन, जुन्या फ्लॅटवाउंड तारा आणि उजव्या हाताचं एकच बोट एवढ्यावर इतिहास घडवून गेले. स्वर किती वेळ धरायचा आणि कुठे तोडायचा, हे त्यांच्याइतकं नेमकं थोड्यांनाच जमलं. जॅको पास्टोरियस यांनी फ्रेट काढलेल्या बेसवर 1976 मध्ये नवं जग उघडलं, पण त्यांच्याही वादनाचा कणा लय हाच होता.

आपल्याकडे कसोटी वेगळ्या जागी लागते. सहा मात्रांच्या हिंचमध्ये पहिल्या मात्रेला सा आणि चौथीला प एवढं पुरतं, बाकीच्या मात्रा ढोलाच्या. लय चढत गेली की नवखा वादक स्वर वाढवतो. जाणकार कमी करतो, कारण दोन स्वरांमधलं अंतर घटत असतं आणि शेपटी एकमेकांत मिसळून नुसता घुमारा उरतो. दुसरी कसोटी रागाची. सवयीनं सा-प वाजवणारा मालकंसावर आधारलेल्या गाण्यात पंचम घेतो आणि क्षणात राग मोडतो. मालकंसात पंचम नाही, तिथे सा आणि मध्यम धरायचे. मारव्यातही पंचम वर्ज्य. भक्तिगीतात, नाट्यगीतात कॉर्डचा पाया नसतो, तेव्हा गायकाच्या न्यासाचे, म्हणजे ओळ जिथे थांबते ते, स्वर ऐकून खाली तेवढेच ठेवायचे. कॉर्ड वाजवण्याची घाई कीबोर्डवाल्याला असते, बेसिस्टनं तिच्यात पडू नये.

वापरलेली बेस घेताना नेक हेडकडून एका डोळ्यानं पाहावी, पिळलेली असेल तर स्वस्तातही सोडून द्यावी. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवावी. जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटदरम्यान एखादा स्वर लवकर मरतो, हा बऱ्याच बोल्ट-ऑन (स्क्रूनं बसवलेल्या) नेकचा गुणधर्म आहे, त्यावरून सौदा मोडू नये. वजन साडेचार किलोच्या वर असेल तर चार तास उभं राहून खांदा बोलतो. ट्रस रॉडचा (नेकचा बाक सावरणारी आतली सळई) नट फिरतो का, हे विक्रेत्यासमोरच बघावं.

बडोद्याच्या हवेला सेटअप दोनदा लागतो, पावसाळा सुरू झाल्यावर आणि हिवाळ्यात. दमट हवेत नेकचं लाकूड ओल धरतं, तारांच्या ताणानं नेक पुढे वाकते आणि तारा उंच होतात. आधी सूर लावावा. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा), शेवटच्या फ्रेटवर बोट, आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांतली फट फीलर गेजनं (पातळ मापपट्टीनं) मोजावी: साधारण 0.3 मिलिमीटर. जास्त असेल तर ट्रस रॉड घड्याळाच्या दिशेनं पाव फेरा, परत सूर, परत मोजणी. अडला तर जोर लावू नये, रॉड तुटला की नेक गेली. मग सतराव्या फ्रेटवर उंची: ई तारेखाली 2.4, जी तारेखाली 2 मिलिमीटर. जोरानं वाजवणाऱ्यानं अर्धा मिलिमीटर वाढवावी. शेवटी बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला नुसतं बोट टेकवून काढलेला स्वर) आणि दाबलेला स्वर ट्यूनरवर जुळवावा. दाबलेला चढा निघाला तर सॅडल (ब्रिजवरचं तारेचं टेकण) मागे घ्यावी. हा क्रम उलटा केला तर प्रत्येक पायरीवर मागची बिघडते. हिवाळ्यात लाकूड आकसलं की फ्रेटची टोकं कडेनं हाताला लागतात. ती घरी घासू नयेत, फ्रेटचं काम येणाऱ्याकडे द्यावीत. मे महिन्यात बेस बंद गाडीत तर मुळीच सोडू नये, डिंकाचे सांधे उष्णतेनं ढिले पडतात आणि मग सेटअपनं काहीच दुरुस्त होत नाही.