एसएलपी म्हणजे अपील नव्हे: ही परवानगी आली कुठून?

"सुप्रीम कोर्टात अपील टाकलंय" असं सगळे म्हणतात, पण बहुतेक वेळा टाकलेली असते ती एसएलपी (स्पेशल लीव्ह पिटिशन), म्हणजे अपील करू द्या अशी नुसती विनंती, परवानगी मिळाली तरच पुढे अपील. माझ्या काकांना जमिनीच्या केसमध्ये हा फरक कळला तो थेट दिल्लीत. सोमवार होता, एकामागून एक केसेस पुकारत होते, आमची फाईल उघडली, वकील दोन वाक्यं बोलले आणि 'डिसमिस्ड'. काका मला विचारत राहिले, अरे पण ऐकलं कधी?

ही पद्धत इंग्रजांची. शेवटची दाद राजाकडे मागायची आणि राजाच्या वतीने लंडनची प्रिव्ही कौन्सिल ऐकणार, म्हणजे हक्क नाही, मर्जी. त्यातून 1887 मध्ये ब्रिटिश होंडुरासच्या डिलेट केसमध्ये त्यांनी ठरवून टाकलं की फौजदारी प्रकरणात गंभीर अन्याय दिसला तरच हात घालायचा.

याच भिंतीला टिळक धडकले. 1897 मध्ये केसरीतल्या लिखाणावरून राजद्रोहाचा खटला, ज्यूरीत सहा युरोपियन विरुद्ध तीन भारतीय, दीड वर्षाची सक्तमजुरी. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी तर ज्यूरीला सांगितलं की सरकारबद्दल अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव! मुंबई हायकोर्टाने अपिलाची परवानगी नाकारली, मग लंडनला अर्ज, तिथे टिळकांच्या बाजूने उभे राहिले अ‍ॅस्क्विथ, जे पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झाले, तरी परवानगी नाहीच. एवढा घातक अर्थ कायद्यात राहून गेला आणि त्याची नीट तपासणीसुद्धा झाली नाही, मला हे आजही खुपतं.

1949 मध्ये प्रिव्ही कौन्सिलचा अधिकार संपला, आणि राज्यघटनेच्या कलम 136 ने तीच स्पेशल लीव्ह सुप्रीम कोर्टाकडे आली, उलट जास्त मोठी होऊन, कारण आता सैनिकी न्यायालयं सोडली तर देशातल्या कुठल्याही कोर्टाचा किंवा ट्रायब्युनलचा निकाल त्यात येतो. पण 1950 मध्येच प्रीतम सिंग केसमध्ये कोर्टाने सांगितलं की हा अधिकार जपून वापरायचा, आणि फौजदारीसाठी कसोटी पुन्हा तीच, गंभीर अन्याय.

2000 च्या कुन्हायम्मेद निकालाने एक मात्र स्पष्ट केलं, कारण न देता एसएलपी फेटाळली म्हणून हायकोर्टाचा निकाल सुप्रीम कोर्टाने बरोबर ठरवला असं होत नाही, फक्त परवानगी दिली नाही एवढंच. काकांना हे मी दोनदा समजावलं. जमीन मात्र गेली ती गेलीच.