बडोद्यात प्लॉट घेताय? आपत्तिप्रवण क्षेत्र कशाला म्हणतात आणि कोणते कागद लागतात

दांडिया बाजार, रावपुऱ्यातली आपली बरीच मंडळी आता शहराच्या कडेला प्लॉट घेतायत. त्यांच्याकडून एक वाक्य मी नेहमी ऐकतो: "झोनिंग सर्टिफिकेट काढलंय, आता काळजी नाही." ते सर्टिफिकेट असतं जमिनीच्या वापराचं, म्हणजे विकास आराखड्यात ती रहिवासी आहे, व्यापारी की शेतीची. भूकंपाचा झोन ही पूर्ण वेगळी गोष्ट. आयएस 1893 या भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानकाच्या 2016 च्या आवृत्तीत बडोदा झोन 3 मध्ये आहे.

हा आकडा महत्त्वाचा का, ते व्याख्येत कळतं. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या तज्ज्ञ समितीने 2004 मध्ये राज्यांसाठी नगररचनेचे नमुना नियम दिले. त्यात झोन 3, 4 आणि 5 मधला सगळा भाग 'नैसर्गिक आपत्तिप्रवण क्षेत्र' धरलाय. पूरप्रवण जमीन केंद्रीय जल आयोगाच्या पूर-नकाशावरून ठरते. त्याखेरीज स्थानिक पाहणीत सापडलेल्या सखल जागा आणि नाल्यांतून पाणी उलटं चढणारे भागही व्याख्येत येतात. दरडींचाही उल्लेख आहे, पण आपल्या सपाट शहराला तो फारसा लागू नाही.

नाल्यांचा मुद्दा मात्र थेट आपला. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदी शहरात शिरली, ते ज्यांनी पाहिलं त्यांना भूखी कांस हा शहरातला नाला काय करतो हे सांगायला नको. नदीकाठची कोतरं, म्हणजे खोल घळी, भरून सपाट केलेले प्लॉट दिसायला छान असतात, पण खालची माती भरावाची असते. कागदावर ते उमटेलच असं नाही. म्हणून जुना सर्व्हे नकाशा काढून शेजारच्या शेतकऱ्याला विचारा, इथे पूर्वी काय होतं.

काळ्या मातीचं नाव तर त्या व्याख्येत नाहीच. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भिंतींना तिरक्या भेगा पाडते. तिची चाचणी साधी आहे. वाळवून चाळलेली दहा-दहा ग्रॅम माती दोन नळ्यांत घालतात, एकीत पाणी, दुसरीत केरोसीन. चोवीस तासांनी पाण्यातली माती वर चढलेली दिसते, केरोसीनमधली तेवढीच राहते. हा फरक 50 टक्क्यांच्या आत असेल तर फुगण्याचा धोका कमी, 100 च्या वर गेला तर जास्त. तसा निकाल आला तर पायाचा विचार मुळापासून करावा लागतो.

परवानगी, म्हणजे आपली रजाचिठ्ठी, गुजरात नगररचना कायदा 1976 आणि 2017 च्या विकास नियमांखाली मिळते. शहरात अर्ज महानगरपालिकेकडे, बाहेर वुडाकडे (बडोदा शहरी विकास प्राधिकरण), ओडीपीएस या बांधकाम परवानगीच्या पोर्टलवर ऑनलाइन. अर्जदार जमीनमालक किंवा त्याचा कुलमुखत्यार असतो आणि नकाशे नोंदणीकृत आर्किटेक्ट वा इंजिनिअरच्या सहीचे लागतात. जमीन अजून शेतीची असेल तर आधी आयोरा या महसूल खात्याच्या पोर्टलवर बिनखेतीचा, म्हणजे शेतीखेरीज वापराच्या परवानगीचा, अर्ज करा. आणि आपण शेतकरी खातेदार नसू, तर शेतजमीन विकतच घेता येत नाही, हे बयाणा देण्याआधी लक्षात असू द्या.

रजाचिठ्ठीच्या अर्जासोबत हे कागद लागतात: सातबारा आणि 8-अ (सिटी सर्व्हेत असल्यास प्रॉपर्टी कार्ड), खरेदीचा दस्तावेज, बिनखेतीचा हुकूम, टीपी स्कीममधला (नगररचना योजनेतला) प्लॉट असेल तर एफ फॉर्म (अंतिम प्लॉटचा तपशील) आणि पार्ट प्लॅन (योजनेच्या नकाशातला तेवढा भाग), झोनिंग सर्टिफिकेट, बांधकामाचे नकाशे, स्ट्रक्चरल इंजिनिअरचं प्रमाणपत्र. माती अहवाल छोट्या घराला कोणी मागितला नाही तरी करून घ्या, अशी माझी कळकळीची विनंती आहे. 26 जानेवारी 2001 च्या भूकंपाचा केंद्रबिंदू कच्छमध्ये होता, तरी दोनशेहून अधिक किलोमीटरवर अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या.

लॅबला काम देताना एसपीटी (ठोके मोजून जमिनीचा घट्टपणा तपासणारी चाचणी) आणि फुगण्याची चाचणी दोन्ही लेखी मागा. झोन 3 मध्ये पाण्याखालच्या वाळूसाठी 5 मीटर खोलीपर्यंत एसपीटीचा आकडा निदान 15 आणि 10 मीटरखाली 25 हवा, नाहीतर भूकंपात ती वाळू पाण्यासारखी वाहण्याची भीती असते. चाचणीचं बोअर उन्हाळ्यात घेतलं असेल तर पावसाळ्यातली पाण्याची पातळी धरूनच हिशेब करायला सांगा.